दसऱ्याची पालपिट्ट

आमचे अण्णा सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात थान उलगडायला होते. गिऱ्हाइकानं बोट दाखवलं की वरच्या फळीवरचं थान खाली ओढायचं, गादीवर झटक्यात पसरायचं, आणि गिऱ्हाईक नाक मुरडून उठलं की पुन्हा घडी घालून जागच्या जागी ठेवायचं. दिवसभर हेच. घरी कुणी पांघरूण वेडंवाकडं टाकलेलं दिसलं तरी त्यांचे हात आपोआप कडा जुळवायला जायचे. आम्ही मूळचे उदगीरकडचे. गावाकडच्या जमिनीत सगळ्या भावांचं भागेना, म्हणून लग्न झाल्यावर अण्णा आणि आई हैदराबादला आले. कोठीच्या मागच्या गल्लीत आमची एक खोली होती. शेजारी पिठाची गिरणी. गिरणी चालू झाली की आमच्या फडताळातले डबे आपोआप पुढं सरकायचे.

मी शाळेत असताना त्या दुकानाच्या मालकांचं भावाभावांत फाटलं आणि ऐन नवरात्रात दुकानाला कुलूप लागलं. आई त्याच दुकानाच्या साड्यांना फॉल लावायची, तेही थांबलं. सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या कण्या. अण्णा रोज धुतलेला सदरा घालून निघायचे, आबिड्सपर्यंत एकेका दुकानाची पायरी चढायचे आणि संध्याकाळी तसेच परत येऊन चप्पल काढायचे. त्या वर्षी दसऱ्याला पुरण नव्हतं. आईनं माझं बोट धरलं आणि देवळाकडं निघाली.

देवळाच्या दारात एक माणूस फडक्यानं झाकलेला पिंजरा घेऊन बसला होता. आमच्याकडं, म्हणजे तेलंगणात, दसऱ्याला पालपिट्ट दिसली पाहिजे. पालपिट्ट म्हणजे महाराष्ट्रातले वाचक ज्याला नीळकंठ किंवा नीलपंख म्हणतात तो पक्षी. त्या दिवशी तो दिसला की वर्ष चांगलं जातं, असं इथं घराघरांत मानतात. पूर्वी लोक त्यासाठी शिवाराकडं जायचे. शहर वाढलं, शिवार लांब गेलं, आणि पक्षीच पिंजऱ्यात घालून दारात येऊ लागला. आईनं पदराची गाठ सोडली, माणसानं फडकं उचललं. तळाशी मळकट निळसर काहीतरी अंग चोरून बसलं होतं. आईनं डोळे मिटून हात जोडले. मला आठवतं, मी हात जोडायचं सोडून त्याच्या पायातली दोरी बघत होते.

दिवाळीच्या आत अण्णांना आबिड्सला दुसऱ्या दुकानात काम लागलं. आईनं या दोन गोष्टी एकमेकींना अशी पक्की टीप घालून शिवल्या, की ती पुढं कित्येक वर्षं कुणालाच उसवता आली नाही.

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. मी गेले. कॉलेजात बाकीच्या मुलींनी आपापला विषय निवडला. मला विषय कोठीच्या फुटपाथवर मिळाला. जुनी पुस्तकं विकणाऱ्या चाचांकडं त्या आठवड्यात प्राणिशास्त्राचा पूर्ण संच होता, म्हणून मी प्राणिशास्त्र घेतलं. बी.एस्सी. झाले तेव्हा अण्णांनी माझं सर्टिफिकेट हातात घेतलं, वाचता येईना म्हणून उलटसुलट केलं, आणि सवयीनं घडी घालायला निघाले. मी ओरडलेच.

नोकरी मिळाली ती एका पक्षिनिरीक्षण क्लबात. आबिड्सला चष्म्याच्या दुकानावर एक खोली, तेच ऑफिस. सभासद सगळे हौशी: डॉक्टर, बँकवाले, प्रोफेसर, पुढं पुढं कॉम्प्युटरवाले. पगार घेणारी एकटी मी. सहली ठरवायच्या, बस सांगायची, नव्या माणसांना पक्षी दाखवायचे, शाळांत बोलायला जायचं. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. कुणी विचारलं, "काय करता?" की मी सांगायचे, "पक्षी दाखवते." समोरचा हसून पुन्हा विचारायचा, "तसं नाही, काम काय करता?"

तर काम काय ते सांगते. सहलीचा खरा मोसम दसऱ्यापासून सुरू होतो. पाऊस ओसरलेला असतो, तळी भरलेली असतात, उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरू लागलेले असतात. उजाडायच्या सुमाराला निघायचं, कपडे मातकट रंगाचे, अत्तर नको, गप्पा नकोत. पक्षी दाखवणं म्हणजे बोट दाखवणं नव्हे. बोट दाखवलं की माणूस बोटाकडं बघतो. आम्ही झाडाचं घड्याळ करतो. शेंडा म्हणजे बारा, उजवी फांदी म्हणजे तीन, त्यावरून पक्षी किती वाजता बसलाय ते सांगायचं. एकदा मी हळूच म्हटलं, "दोन वाजता बघा, दोन वाजता." तर नव्यानं आलेले एक गृहस्थ मनगट पुढं करून म्हणाले, "अभी तो सात भी नै बजे मॅडम. दो बजे तक यहीच बैठना क्या?"

गिऱ्हाइकं हरतऱ्हेची. एक काका दुर्बीण उलटी धरून पूर्ण सकाळ फिरले आणि जाताना तक्रार करून गेले की तुमचे पक्षी फार लांब बसतात. एक बाई प्रत्येक पक्ष्याला "हा काय खातो?" विचारायच्या आणि उत्तर ऐकून "शी" म्हणायच्या. पुण्याहून नोकरीला आलेली पोरं भलीमोठी कॅमेऱ्याची नळकांडी घेऊन यायची. त्यांतलाच अमेय पुढं क्लबाचा सेक्रेटरी झाला. पोरगा गुणी, पण नियमांचा पक्का. सहलीत कुणी शिंकलं तरी मान वळवून बघायचा.

या धंद्यात कायदा एकच: जो दिसला नाही, तो दिसला म्हणायचं नाही. बाकी सगळं चालतं. कुणाला आवडावं म्हणून साध्या बगळ्याला दुर्मीळ पाहुणा केलं, की तुमचं पुढचं कुठलंच बोलणं खरं राहत नाही.

आता मूळ गोष्टीकडं येते. दसऱ्याच्या आधी आमच्या क्लबाला आणखी एक काम असायचं. पालपिट्ट पकडणं हा गुन्हा आहे. तरी नवरात्रात पिंजरे यायचेच. आम्ही माहिती द्यायचो, जंगल खात्याची माणसं येऊन पिंजरे उचलायची, आणि त्यांच्याबरोबर मी पक्षी सांभाळायला जायचे. जवळून पाहिले तेव्हा कळलं, पक्षी उडू नये म्हणून पंख गोंदानं चिकटवलेले असायचे. पाय बांधलेले. कित्येक दिवसांचे उपाशी. गोंद लागलेली पिसं झडून नवी येईपर्यंत त्यांना सांभाळावं लागतं. काही जगायचे, काही माझ्या हातातच मान टाकायचे. त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. एवढंच, की दसऱ्याच्या दिवशी लोक एकमेकांना सोनं द्यायचे तेव्हा माझ्या हाताला गोंदाचा वास असायचा.

एका वर्षी पिंजरा उचलला गेला तो आम्ही पुढं राहायला गेलो त्या कॉलनीतल्याच देवळाच्या दारातून. मल्लेश नावाचा माणूस तिथं दरवर्षी पिंजरा घेऊन बसायचा. कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या रांगेत सगळ्यात पुढं आमची आई. तेव्हा अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आईचा दसरा म्हणजे त्या पिंजऱ्याचं दर्शन. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बघा, माझ्याच लेकीनं पाखरू पळवलं. ह्याच पाखरानं तुला शिकवलं, आन् तू त्याच्यावरच उठलीस व्हय गं?"

देवळाच्या कमिटीचे प्रमुख यादगिरी अंकल. रेल्वेतून रिटायर झालेले, आवाज अजून प्लॅटफॉर्मवरचा. ते म्हणाले, "मॅडम, कानून हमकू मत सिखाओ. हमारी औरतां साल का त्यौहार बिना दर्शन के करना क्या?"

मी म्हटलं, "दर्शन मी घडवते. खुल्या पाखराचं. पुढच्या दसऱ्याला सगळ्यांना शिवारात नेते."

"हौ. नै दिखी तो?"

"दिसेल."

"नै दिखी तो," अंकल बोट नाचवत म्हणाले, "पिंजरा इधरीच आता, और आप फिर कब्बी बीच में नै आते. दिखी तो मैं खुद पिंजरेवाले को गेट पे खडा नै होने देता. बोलो."

मी हो म्हणाले.  पक्ष्याच्या वतीनं शब्द देणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा. तळ्याकाठी वीस वर्षं घालवलेला माणूससुद्धा "दिसेल" म्हणत नाही, "दिसावा" म्हणतो. आणि माझा शब्द चुकला असता तर त्या दारात दरवर्षी एक चिकटवलेलं पाखरू मरणार होतं, आणि मला तोंड उघडायचा हक्क राहणार नव्हता.

पुढचा दसरा आला. अमेय म्हणाला, "ताई, पहाटे निघू." मी म्हटलं, "पहाटे बायका पुरण वाटतात. आणि दर्शन दुपारनंतर घेतात." दुपारी निघायचं म्हटल्यावर त्यानं असा चेहरा केला, जणू मी सहलीला ढोल-ताशा सांगितलाय. तरी आदल्या दिवशी तो माझ्याबरोबर जागा बघायला आला. शामीरपेटच्या पुढं, मक्याची कापलेली शेतं, विजेच्या तारा, एका बोअरच्या मोटारीजवळ खांब. पालपिट्टेला असंच लागतं. उघडी जमीन आणि वर बसायला तार. तिथून खाली बघत राहायचं, टोळ दिसला की झेप. आमच्या डोळ्यांदेखत एक त्या खांबावर येऊन बसली. आम्ही खुशीत परत आलो.

दसऱ्याला दुपारी देवळासमोर बस लागली. मातकट कपड्यांची सूचना अमेयनं फोनवर पाठवली होती, ती कुणी वाचलीच नव्हती. बायका जरीच्या नव्या साड्यांत, हातभर बांगड्या, डोक्यात गजरे. डब्यांत सकिनालू, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या तीळ घातलेल्या चकल्या, आणि पुरणपोळ्या. अमेय बघतच राहिला. आई पहिल्या सीटवर, मांडीवर आरतीचं ताट. मला म्हणाली, "मी काही तुझं पाखरू बघाया आले न्हाई. तू कशी तोंडघशी पडतीस ते बघाया आलेय."

खांबाजवळ पोचलो. खांबाच्या खाली झेंडू आणि केळीच्या खुंटांनी सजवलेला ट्रॅक्टर उभा. मोटारीला हळदकुंकू, नारळ फुटलेला, आणि शेतकऱ्याच्या घरची पोरं डप्पू वाजवत नाचत होती. दसऱ्याला आयुधपूजा असते, औजारं आणि यंत्रं पूजतात. माझा जन्म गेला या शहरात. अण्णा कापड मोजायच्या गजाला गंध लावायचे. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आम्ही पाखराच्या सगळ्या सवयींचा विचार केला, पण शेतकऱ्यालाही दसरा असतो याचा केला नाही.

तारेवर पाखरू कुठलं? चिमणीसुद्धा नव्हती.

"बढिया जगा है मॅडम," यादगिरी अंकल म्हणाले. "बँडबाजा भी रखे आप."

बस तळ्याच्या बांधाकडं घेतली. उतरतोय तोच मागून एक बाई किंचाळली, "पालपिट्ट!" बांधावरच्या वाळक्या फांदीवर झगझगीत निळं पाखरू. सगळ्यांचे हात जोडले गेले. ताटं पुढं आली, कुणी अक्षता उधळल्या, अंकलनी टोपी काढली. आईनंही डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटली.

तो खंड्या होता. पाठ निळी, छाती पांढरीफेक, चोच लाल, गाजराएवढी. तळ्याकाठी रोज दिसणारा मासेमार.

अमेयनं माझ्याकडं पाहिलं. नियमांचा पक्का असलेला तो पोरगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, राहू द्या ना. पिंजरा बंद होतोय. अजून काय पाहिजे?"

खरंच, काय बिघडलं असतं? सगळे खूश होते, यादगिरी अंकलचा शब्द मिळालाच होता. पण मी आईकडं पाहिलं. ती अजून हात जोडून उभी होती, आणि मला वाटलं, हिला एकदा माझ्या लहानपणी, माझ्यासमोर, मळकं पाखरू दाखवून पाठवलं, आता मी दुसरं कुठलंतरी दाखवून पाठवू? मग पिंजरेवाल्यात आणि माझ्यात फरक काय?

मी म्हटलं, "ही पालपिट्ट नाही. हा खंड्या आहे. मासे खातो."

सगळ्यांचे हात खाली आले. एक बाई म्हणाली, "मासे? आन् आम्ही अक्षता टाकल्या!"

"कायकू बोले मॅडम?" यादगिरी अंकल कळवळून म्हणाले. "सब खुश थे ना! मैं भी खुश था!"

"दिसली नाही ती दिसली म्हणता येत नाही, अंकल."

 बसमध्ये चढताना आई म्हणाली, "तुझ्या बापावर गेलीस. फाटकं थान कधी चांगलं म्हणून विकलं न्हाई त्यांनी. त्यापायीच कुणी मालक खूश नसायचा."

ऊन उतरायला लागलं होतं. ड्रायव्हर घरच्या जम्मीपूजेची घाई करत होता. जम्मी म्हणजे शमी, तिची पानं इथं सोनं म्हणून वाटतात. परतीच्या कच्च्या रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला आणि बस थांबली. आईचे पाय आखडले होते. ती म्हणाली, "जरा उतरव मला." मी तिला धरून खाली घेतलं. मागं बसमध्ये अंकल कुणाला तरी समजावत होते, मॅडम मनाच्या चांगल्या आहेत, फक्त नशिबाच्या कच्च्या.

आई कमरेवर हात ठेवून समोर बघत होती. "सुमे," ती म्हणाली, "तारेवर ते काय बसलंय गं? मातीच्या ढेकळावानी."

मी पाहिलं. हळूच म्हटलं, "आई, तीच."

"गप. ती निळी असतीया. ही तर विटकरी दिसायलीय."

"बसली की अशीच दिसते. थांब."

आम्ही थांबलो. शेळ्या गेल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी ती हलली नाही. मग खाली गवतात तिला काहीतरी दिसलं असावं, ती पुढं झुकली आणि तारेवरून उतरली.

पालपिट्टेचे पंख उघडताना ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळणार नाही. तरी प्रयत्न करते. गडद निळ्याचा एक पट्टा, त्याला लागून फिक्या आकाशी रंगाचा, पुन्हा गडद. अण्णा गादीवर थान भिरकावायचे, आणि घडीत दबलेला रंग एकदम दुकानभर व्हायचा, तसं झालं. ढेकळाएवढं पाखरू सगळ्या शेतभर झालं. टोळ उचलून ती आमच्या डोक्यावरून पलीकडच्या तारेवर गेली, तेव्हा ते पंख दुसऱ्यांदा उघडले.

आई ओरडली, "अगं बया! उघडतंय होय ते!"

बस रिकामी झाली. जरीच्या साड्या धुळीत, बांगड्यांचा कल्ला. अमेय "हळू, हळू" म्हणत होता आणि स्वतःच पळत होता. पालपिट्ट माणसांना फारशी भीत नाही. ती आपली तारेवर टोळ आपटत बसली, मग उठून आणखी एक फेरी मारली, जणू मागं राहिलेल्यांसाठी. यादगिरी अंकलनी टोपी काढली, घातली, परत काढली. "ये पक्का वहीच है ना मॅडम? अब बाद में कुछ और मत बोलो."

"तीच आहे अंकल."

आईनं ताटातलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं, कारण पाखराला लावता येत नव्हतं. परत बसमध्ये ती ताट मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "मी इतकी वर्सं घडी घातलेलंच बघत आले की गं."

मी भीत भीत म्हटलं, "आणि अण्णांची नोकरी?"

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. "ती त्यांनी त्यांच्या पायानं दुकानं हिंडून मिळवली. पाखराचे पाय तर बांधलेले होते."

त्या संध्याकाळी जम्मीची पानं वाटताना मल्लेश गेटापाशी आलाच, कोपऱ्यात उभा राहून बघत. यादगिरी अंकलनी त्याला बाजूला घेतलं. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण प्लॅटफॉर्मवरच्या आवाजात नव्हतं एवढं खरं. आता तो त्याच जागी झेंडू आणि जम्मीची पानं विकतो. मी दिसले की मान हलवतो, "क्या मॅडम, मेरा अच्छाखासा धंदा बिठा दिये आप." मी त्याच्याकडून दोन माळा जास्त घेते. त्याचं नुकसान झालं हे खोटं नाही, आणि ते मी त्याला कधी खोटं म्हणत नाही.

शहरात इतर ठिकाणी पिंजरे अजून येतात. क्लबाचं काम अमेय आणि नवी पोरं करतात; मी निवृत्त झाले. आमच्या कॉलनीची बस मात्र दर दसऱ्याला जाते, दुपारीच जाते, आणि आधी चौकशी करून जाते की त्या वाटेवर कुणाच्या ट्रॅक्टरची पूजा कुठं आहे. एका वर्षी पालपिट्ट दिसली नाही. सगळे तसेच परत आले, पोळ्या खाल्ल्या, आणि पिंजऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. यादगिरी अंकल एवढंच म्हणाले, "वो भी तो त्यौहार पे कहीं गई होगी." खरं सांगू? पालपिट्ट दिसली त्या दिवसापेक्षा या दिवशी मला जास्त बरं वाटलं.

आई आता बसनं जाऊ शकत नाही. ती गच्चीवर खुर्ची टाकून बसते आणि तारांकडं बघते.

कापडाच्या दुकानातल्या नोकराची मी मुलगी, घरातली पहिली पदवीधर. आमच्या देवळाच्या दारात दसऱ्याला पिंजरा येत नाही.